हुफूफ, पहाटेची गाडी

पावणेपाचला मी झाडू घेऊन उतरतो.
झाडू म्हणायचं आपलं. फावडं, ब्रश
आणि एक लोखंडी सळी,
सांध्याच्या फटीत शिरलेली वाळू उकरायला.
रात्रभर वारा काम करतो, सकाळी मी.
दोघांपैकी पगार फक्त मला मिळतो.

गाडीला रोजचीच माणसं.
दम्मामच्या दवाखान्यातल्या दोन मल्याळी नर्सेस,
अब्कैकला उतरणारा वेल्डर, उभ्यानेच झोपणारा,
एक मास्तरीण, काळ्या बाहीतून वह्यांचा गठ्ठा सावरत
फलाटाच्या दिव्याखाली लाल पेन चालवणारी.
बोलत कोणी नाही.
एखादा आला नाही, तर त्याची जागा मात्र
सगळे जरा वेळ मोकळी ठेवतात.

स्टेशन फार जुनं आहे म्हणतात.
काय जुनं आहे ते शोधावं लागतं.
इमारत मागाहूनची, फरशी परवाची,
पाटीवरची अक्षरं माझ्यादेखत बदलली.
जुनी आहे ती वेळ. उजाडायच्या आत, याच दिशेला.
आणि शेडमागे रुळाचा एक तुकडा,
कुंपणाचा खांब म्हणून पुरलेला.
त्यावर साल कोरलंय, अर्धं वाळूखाली.

आण्णा गँगमन होते, सावदा ते रावेर.
हातोड्याने रूळ ठोकायचे, मान कलती करून थांबायचे.
रुळाला विचारायचं असतं, म्हणायचे,
त्याला सांगायचं नसतं.
एजंटाने मला विचारलं, अनुभव?
मी आण्णांचं नाव सांगितलं.
त्याने लिहिलं: रेल्वे, पंधरा वर्षं.
ती पंधरा वर्षं अजून माझ्या कागदांत आहेत
आणि आण्णांच्या गुडघ्यांत.

दर गुरुवारी म्हातारा अब्दुलहादी येतो.
तिकीट काढत नाही. थर्मासात कहवा, रुमालात खलास खजूर.
त्याची एकच गोष्ट आहे.
पहिली गाडी आली तेव्हा सगळा खजुरीचा मुलूख बघायला लोटला
आणि त्याच्या बापाचं पांढरं गाढव,
पायांना मेंदी लावलेलं,
रुळांच्या मधोमध उभं राहिलं.
इंजिन थांबलं. शिट्टी झाली. गाढव ढिम्म.
ड्रायव्हर खाली उतरला, त्यालाही खजूर मिळाले.
पहिल्यांदा ऐकली तेव्हा गाढव पाच मिनिटं उभं होतं.
आता दुपारची नमाज होऊन जाते.

एकदा त्याने विचारलं, तुझ्याकडे गाडी आहे?
माझ्या अरबीला पाचसहा नामं येतात, क्रियापदं नाहीत.
मी म्हणालो, गतार. मोझ. कतीर मोझ.
केळीच केळी. हात लांब केले, मावले नाहीत,
म्हणून फलाटावर चालत गेलो,
एक वॅगन, दोन वॅगन, टाकीपाशी एकवीस.
नर्सेस बघत होत्या. म्हातारा हसता हसता खोकला.
मी सांगत होतो की हिरव्या घडांना गवताचं अंथरूण असतं,
दिल्ली येईपर्यंत ते पिवळे होतात.
त्याला काय समजलं कोण जाणे.

पुढल्या गुरुवारी तो वॉचमनला सांगत होता.
केळी टाकीच्या पुढे गेली होती,
फाटकाबाहेर, पार रस्त्यापर्यंत.
मी फावडं टेकवून ऐकलं. दुरुस्त केलं नाही.

रात्री आण्णांना फोनवर गाढव सांगितलं.
कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने सांगितलं;
खोलीतले तिघे बांगलादेशी उठून बसले.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मान कलती केली असणार.
मग विचारलं, "मंग गाडी सुटली का रे भो?"

आता नर्सेस पुलाच्या पायऱ्या उतरताहेत.
तीन नंबरच्या सांध्याला मी सळीने एक टोला दिला.
आवाज जरा बद्द आहे.
अजून थोडी वाळू असेल आत.